घरपोच घटस्फोट

"बाई, हा नंबर तर बांधाच्या भांडणाचा आहे."

परभणीच्या कोर्टात निकालाच्या नकला मिळतात, त्या खिडकीशी मी उभी होते. आतल्या वयस्कर कारकुनानं माझा कागद चष्मा वर करून पाहिला, मग खाली करून पाहिला आणि दोन बोटांनी माझ्याकडं परत सरकवला.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे दोघं भाऊ आहेत. एकानं दुसऱ्याचा बांध कोरला. दावा अजून चालू आहे. वर्ष बरोबर, नंबर बरोबर, पण माणसं वेगळी. तुमच्या घटस्फोटाचा इथं पत्ताच नाही."

"पण यावर शिक्का आहे ना!"

"शिक्का काय, बाजारात कुणीही बनवून देतो," तो म्हणाला. मग आवाज उतरवून त्यानं विचारलं, "वकील कोण होते तुमचे?"

मला त्या माणसाचं नावही आठवेना. मागं रांग वाढली होती. मी कागद पिशवीत घातला आणि बाजूला झाले.

मी भारती ढवळे. जालन्यात एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. त्या वर्षी कंपनी मला तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला व्हिएतनामला पाठवणार होती. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव नको होतं, म्हणून घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची कोर्टाची खरी नक्कल लागत होती. एवढ्याशा कामासाठी मी परभणीला आले होते. दुपारच्या गाडीनं परत जाऊ, असा हिशोब होता.

वैजनाथ सोनटक्केशी माझं लग्न होऊन चार वर्षं संसार झाला. मारहाण नव्हती, दारू नव्हती. एकदा त्याची नोकरी गेली आणि तीन महिने तो रोज सकाळी माझ्या हातचा डबा घेऊन घरातून निघायचा आणि स्टेशनवर जाऊन बसायचा. मला शेजारणीकडून कळलं. तसं आणखी दोन-चारदा झालं. शेवटी शेवटी तो "पाऊस पडतोय" म्हणाला तरी मी खिडकीतून बघून यायचे. असं किती दिवस चालणार? मी जालन्याला खोली केली, तो सेलूला आपल्या घरी गेला आणि तिथल्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये लागला.

लॉकडाऊन उठल्यावर त्याचाच फोन आला. एक वेबसाइट आहे, घरपोच घटस्फोट करून देतात. कोर्टाची पायरी चढायची गरज नाही, सगळं मोबाइलवर. वकिलांच्या मानानं फारच स्वस्त. तेव्हा शाळा मोबाइलवर, डॉक्टर मोबाइलवर, बारशीसुद्धा मोबाइलवर होत होती. कोर्ट का नसेल? शिवाय एकमेकांचं तोंड बघायला लागणार नव्हतं, ते दोघांनाही बरंच होतं. आधार कार्ड पाठवलं, फोटो पाठवले, सह्या पाठवल्या. एका मंगळवारी व्हिडिओ कॉल झाला. काळा कोट घातलेला एक माणूस होता. दुसऱ्या चौकटीत नुसतं 'कोर्ट' असं लिहिलेलं होतं आणि त्यातून एका बाईचा आवाज येत होता. "राजीखुशीनं वेगळे होताय ना?" तिनं विचारलं. दोघं "हो" म्हणालो. चार-पाच मिनिटांत आटपलं. तीन आठवड्यांनी हुकूमनामा कुरिअरनं घरी आला.

आणि आता तो बांधाच्या भांडणाचा निघाला होता.

जालन्याला परतल्यावर मी नाझनीन पठाण वकीलबाईंकडं गेले. त्या आमच्या कंपनीचं काम बघायच्या. त्यांनी कागद उजेडाकडं धरला, तारीख वाचली आणि टेबलावरचा मोबाइल उचलून त्यात कॅलेंडर काढलं.

"हा निकाल लागला त्या दिवशी रविवार होता."

मी पुन्हा कागदावरची तारीख वाचली.

"वकीलपत्रावर सही केली होती?"

"आठवत नाही."

"प्रतिज्ञापत्र? शपथ? कुणी तुमची ओळख पटवून घेतली?"

"व्हिडिओवर झालं होतं."

"व्हिडिओवर होतं कधीकधी. पण ते कोर्टाच्या स्वतःच्या लिंकवर होतं आणि आधी अर्ज दाखल असावा लागतो. इथं अर्जच नाही." त्यांनी कागद खाली ठेवला. "भारतीताई, तुम्ही आजही त्यांच्या बायको आहात."

वेबसाइट आम्ही तिथंच उघडून पाहिली. उघडली नाही. फोन नंबर अस्तित्वात नव्हता. पुण्याचा जो पत्ता होता तिथं वकीलबाईंनी ओळखीच्या माणसाला पाठवलं, तर तिथं ब्यूटी पार्लर निघालं. पार्लरवाल्या बाईंना आमच्यासारखे लोक येऊन कंटाळा आला होता म्हणे.

"पोलिसांत तक्रार देऊच," पठाणबाई म्हणाल्या. "पण आधी मला सांगा, त्यांनी दुसरं लग्न केलंय का?"

केलं होतं. वर्ष झालं होतं. मला एका नातेवाइकाकडून पत्रिकेचा फोटोही आला होता.

"मग तुम्ही मनात आणलं तर ते तुरुंगात जातील," त्या म्हणाल्या. "आणि त्या मुलीचं लग्न कायद्यापुढं झालेलंच नाही."

त्या रात्री मला एकच संशय पोखरत होता. वेबसाइट कुणी शोधली? वैजनाथनं. कॉलची वेळ कुणी ठरवली? वैजनाथनं. लिंक कुणी पाठवली? त्यानंच. हा सगळा बनाव त्यानंच रचला नसेल कशावरून? पण मग त्यानं स्वतः दुसरं लग्न करून आपल्याच पायावर धोंडा का पाडून घेतला? काही जुळत नव्हतं. त्याला फोन केला असता तर त्यानं काहीतरी रचून सांगितलं असतं. म्हणून न कळवताच रविवारी सकाळच्या गाडीनं मी सेलूला गेले.

दार राजश्रीनं उघडलं. तिला मी पत्रिकेपुरतीच ओळखत होते. पंचविशीची असेल. सातवा महिना लागलेला, एक हात कमरेवर. मी नाव सांगितलं, तेव्हा तिनं पदर सारखा केला आणि क्षणभर दारातच उभी राहिली.

"या," ती म्हणाली. मग आत वळून, "अहो, कोण आलंय बघा."

वैजनाथ बनियनवर बाहेर आला, मला पाहून पुन्हा आत गेला आणि शर्ट घालून आला.

"काय काम काढलंस?" त्यानं विचारलं.

मी कागद टेबलावर ठेवला. "हा खोटा आहे. मी परभणीला जाऊन आले. त्या नंबरचा खटला दुसऱ्याच कुणाचा आहे. आपला घटस्फोट झालेलाच नाही."

राजश्री स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ट्रेमधल्या कपांचा आवाज झाला. तिनं तो टेबलावर आणून ठेवला आणि एक कप माझ्या हातात दिला.

मी वैजनाथकडं बघत होते. तो दचकेल, कागद ओढून घेईल, ओरडेल असं वाटलं होतं. त्यानं कागदाला हातही लावला नाही.

"तुला किती पाहिजेत?" तो म्हणाला.

"काय?"

"पैसे. त्यासाठीच आलीस ना? मला अडकवायला."

"पैशाचं मी नाव तरी काढलं का? मला खरा घटस्फोट पाहिजे. कोर्टातला. तुम्हाला पण तोच लागणार आहे."

"एवढं काही नसतं त्यात," तो राजश्रीकडं बघत म्हणाला. त्याचा आवाज आता समजुतीचा झाला होता. "टायपिंगमध्ये चुकला असेल नंबर. कुणाच्या तरी बांधाच्या दाव्याचा आकडा आपल्या कागदावर पडला, एवढंच. घाबरायचं कारण नाही. दुरुस्ती करता येते."

मी हातात घेतलेला कप तसाच खाली ठेवला.

राजश्री खुर्चीच्या पाठीला धरून सावकाश बसली. "ह्यांचा घटस्फोट झाला नाही म्हणता," तिनं मला विचारलं, "मग मी कोण?"

वैजनाथ म्हणाला, "असलं काय विचारतेस?"

"तुम्हाला नाही, ह्यांना विचारलं."

मला पठाणबाईंचं वाक्य आठवत होतं, पण त्या पोटाकडं बघून ते तोंडातून निघेना. "बाळाला काही धोका नाही," एवढंच म्हणाले. "त्याचा हक्क कायद्यानं शाबूत असतो. वकीलबाईंना विचारून आले मी."

"बाळाचं नाही विचारलं," ती म्हणाली.

मी उठले. पठाणबाईंचा नंबर कागदावर लिहून ठेवला. वैजनाथ दारापर्यंतही आला नाही. राजश्री मात्र चपला घालून माझ्यामागं निघाली. "कोपऱ्यापर्यंत सोडून येते," तिनं आत सांगितलं.

आम्ही पिठाच्या गिरणीपर्यंत चाललो. गिरणी बंद होती. तिथल्या ओट्यावर ती टेकली.

"ताई, तुम्हाला हे घर परत पाहिजे का?"

"नाही गं."

तिनं माझ्या तोंडाकडं बराच वेळ निरखून पाहिलं. बाजारात नोट पारखावी तसं.

"खरं सांगा."

"खरंच सांगते. मला माझा कागद पाहिजे, बाकी काही नको."

ती थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही बांधाचं नाव काढलं नव्हतं."

माझ्या लक्षात आलं होतं, पण ते तिच्याही लक्षात आलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

"नव्हतं काढलं," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा खटला, एवढंच म्हणाले."

"मग ह्यांना कसं कळलं, तो बांधाचा आहे म्हणून?"

उत्तर द्यायची गरज नव्हती. तिचा हिशोब चाललेला मला दिसत होता.

"लग्नाच्या आठ दिवस आधी हे परभणीला गेले होते," ती सावकाश म्हणाली. "माझ्या दादानं बजावलं होतं, कागद पक्का आहे का बघून या. आल्यावर म्हणाले, सगळं पक्कं आहे, मी स्वतः खिडकीवर विचारलं. त्या दिवशी आमच्याकडं जेवायला होते. जेवले नाहीत. पित्त झालंय म्हणाले." ती थांबली. "हळदीचा मांडव घातला होता ना. परत कसं फिरणार?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. उलट मलाच भरून आलं. हा माणूस ठग नव्हता. त्याची आमच्यासारखीच फसवणूक झाली होती. फक्त ती कळल्यावरही तो गप्प बसला होता, आणि त्या गप्प बसण्यावर ही मुलगी संसार मांडून बसली होती.

"तुम्ही ह्यांच्यावर केस करणार?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. त्या घडीला ते खरंच होतं.

केस मी केली नाही. बऱ्याच जणांनी मला त्याबद्दल वेड्यात काढलं. वेबसाइटवाल्यांविरुद्ध तक्रार दिली, ती अजून कुठंतरी फायलीत असेल. वैजनाथ सह्या करायला तयार झाला, पण सरळ नाही. आधी त्याला माझ्याकडून लिहून पाहिजे होतं की मी फौजदारी करणार नाही. मला त्याच्याकडून लिहून पाहिजे होतं की तो ऐन वेळी फिरणार नाही. दुधानं तोंड पोळलेली माणसं आम्ही, ताकातला प्रत्येक घोट फुंकून बघत होतो. पठाणबाईंनी केलेला मसुदा त्याचा वकील तीनदा वाचायचा. त्याच्या वकिलानं केलेली दुरुस्ती मी पाचदा वाचायचे. एका स्वल्पविरामावरून पंधरा दिवस गेले. तोवर व्हिएतनामला माझ्या जागी दुसरी मुलगी गेली.

अर्ज परभणीच्या कोर्टात दाखल झाला. आम्ही कितीतरी वर्षं वेगळे राहत होतो, म्हणून सहा महिने थांबायची अट न्यायाधीशांनी माफ केली. तरी तारखा पडतच होत्या. एका तारखेला वकिलांचा बहिष्कार, एका तारखेला साहेब रजेवर. शेवटच्या तारखेपर्यंत राजश्रीची मुलगी तीन महिन्यांची झाली होती.

त्या दिवशी पहिल्यांदा मी खऱ्या न्यायाधीशांसमोर उभी राहिले. बाई होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी अर्ज बाजूला ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"नाही."

"पुन्हा एकत्र येण्याची काही शक्यता?"

मी वैजनाथकडं पाहिलं. इतक्या वर्षांत आम्ही असे शेजारी शेजारी उभे राहिलो नव्हतो. त्याचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते. तो खाली बघत होता.

"नाही," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. न्यायाधीशबाई थांबल्या. मी डोळे पुसले. मोबाइलवरच्या त्या घटस्फोटात मी कॉल संपल्यावर भाजी चिरायला बसले होते.

बाहेर व्हरांड्यात राजश्री तिच्या आईसोबत बाकावर बसली होती. मुलगी मांडीवर झोपली होती. मी शेजारी बसले.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"ताई, एक विचारू?" ती मुलीच्या अंगावरचं दुपटं नीट करत होती, माझ्याकडं बघत नव्हती. "ह्यांना लग्नाच्या आधी कळलं होतं, ते ठीक आहे. पण तुम्ही शिकलेल्या. प्रयोगशाळेत काम करता. तुम्हाला त्या वेळी काहीच शंका आली नाही?"

हा प्रश्न मला पठाणबाईंनी विचारला होता, पोलिसांनी विचारला होता. प्रत्येक वेळी मी 'नाही' म्हटलं होतं. त्या बाकावर मला ते म्हणता आलं नाही.

"आली होती," मी म्हणाले.

तिनं मान वर केली.

"त्या व्हिडिओ कॉलमध्ये कोर्टातली बाई बोलत होती. 'राजीखुशीनं वेगळे होताय ना' असं तिनं विचारलं, आणि तिच्या मागं कुकरची शिट्टी झाली. चांगली मोठी. मग ती बाई म्हणाली, 'एक मिनिट हं,' आणि दुसरी शिट्टी व्हायच्या आत आवाज बंद झाला."

"कोर्टात कुकर?"

"हो."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"मला सुटायचं होतं, राजश्री. कागद हातात पडला की झालं, असं वाटलं. खोटा असला तर तो वैजनाथचा प्रश्न, असंही वाटलं असेल. तू पुढं कुठंतरी असशील, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही."

तिची आई आमच्याकडं टकामका बघत होती. राजश्रीनं झोपलेल्या मुलीला जवळ घेतलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "म्हणजे तुम्हाला शिट्टी ऐकू आली, ह्यांना कारकुनानं सांगितलं. फक्त मलाच कुणी काही सांगितलं नाही."

मला तिच्या नजरेला नजर देता आली नाही. माफी मागायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात वैजनाथ आला. त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत फॉर्म होता. त्याचा चेहरा कित्येक महिन्यांनी मोकळा दिसत होता.

"पंधरा दिवसांत नक्कल मिळेल," तो तिला म्हणाला. "मग लगेच नोंदणी करून टाकू. देवळात पुन्हा हार घालू, चार माणसांत. तू फक्त इथं सही करून ठेव."

राजश्रीनं फॉर्म घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. पाठीमागचं पानही वाचलं. मग तसाच त्याला परत दिला.

"आत्ता नाही."

"आत्ता नाही म्हणजे? कधी?"

"मी सांगेन तेव्हा."

"अगं, लोक काय म्हणतील? पोरगी आहे आपल्याला!"

"पोरीच्या दाखल्यावर तुमचं नाव आहे, ते राहील. लोकांना काय माहीत आहे? तुम्हाला माहीत होतं, तेव्हा तुम्ही तरी कुठं लोकांना सांगितलं?" ती उठली. मुलगी खांद्यावर घेतली. "चला, उन्हाच्या आत घरी जाऊ. हिला लस द्यायचीये."

आणि ती त्याच्याबरोबरच गेली, त्याच गाडीत पुढच्या सीटवर बसून. मला वाटलं होतं माहेरी जाईल.

पुढच्या वर्षी मी व्हिएतनामला जाऊन आले. आल्यावर सेलूला फोन करायचा धीर होत नव्हता. दोन वर्षांनी तिचाच आला. जालन्याला मुलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं आणायचं होतं, चांगला कोण ते विचारायला. बोलता बोलता मी घाबरत घाबरत विचारलं, "सही केलीस?"

"नाही, ताई."

"अगं, पण मग कायद्यानं तुझा हक्क..."

"अर्धं घर माझ्या नावावर करून घेतलंय. खरेदीखत, रजिस्ट्री ऑफिसात, मी स्वतः उभी राहून. प्रत्येक पानावर अंगठा बघितला." ती हसली. "माझ्या आईला पण अजून काळजी वाटते. पण हे घर सोडून जायला मला एका मिनिटाचं काम आहे. ना कोर्ट, ना तारीख. हे त्यांना ठाऊक आहे."

"आणि ते कसे आहेत?"

"बरे आहेत. रोज संध्याकाळी येतात, चहा घेतात आणि दिवसभरात काय काय झालं ते सगळं सांगतात. शोरूममध्ये शिव्या खाल्ल्या तरी सांगतात. मी नुसती ऐकते." पलीकडून मुलीचा रडण्याचा आवाज आला, तसं ती तिला 'आले हं' म्हणाली. "म्हणून म्हटलं, सही राहू दे आणखी थोडे दिवस."